पुण्याच्या पाण्याचा टचस्क्रीन : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

६ जानेवारी २०२५

काम : एका छोट्या संग्रहालयाच्या दालनासाठी टचस्क्रीन. विषय पुण्याचा पाणीपुरवठा, पेशवेकालीन कात्रजच्या नळापासून १९६१ च्या पानशेत पुरापर्यंत. मराठी, हिंदी, इंग्रजी. दालनात इंटरनेट नाही, त्यामुळे सगळे यंत्रातच असणार.

आज सॉफ्टवेअर उघडले नाही. एका पानावर चार गोष्टी लिहिल्या आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या : कोण वापरणार, उभ्या उभ्या किती वेळ देणार, निघताना त्याला काय कळलेले असावे, आणि आपण काय करणार नाही. वापरणारे तीन प्रकारचे धरले. शाळेची सहल (पाच-सहा मुलांचे हात एकाच वेळी काचेवर), नातवंडांना घेऊन आलेले आजीआजोबा, आणि विषयाचा अभ्यासू. पहिल्या दोघांसाठी दोन ते चार मिनिटे हिशोबात धरली. अभ्यासू थांबतो, पण त्याच्यासाठी मुख्य वाट लांबवायची नाही. त्याचा मजकूर एक पायरी आत.

‘करायचे नाही’ या रकान्यात : गुण देणारी प्रश्नमंजूषा, सेल्फी, त्रिमितीय शनिवारवाडा. या तिन्हींची मागणी पुढे कधीतरी येते, आणि तेव्हा हे पानच कामाला येते.

१० जानेवारी

मजकूर-तक्ता पूर्ण. मुखपडदा १, कात्रजचा नळ ७, हौद ७ (एक नकाशा, सहा कार्डे), खडकवासला ४, पानशेत ६, मदत आणि ऋणनिर्देश २. एकूण २७ पडदे. तीन भाषांत ८१. पुढची प्रत्येक तपासणी ८१ ने गुणली जाणार, म्हणून इथे एक पडदा कमी करण्याचा फायदा फार मोठा आहे. खडकवासल्याचे सहाचे चार केले.

प्रत्येक पडद्याला एक ओळ आणि रकाने असे : क्रमांक, शीर्षक, मजकूर (४० ते ६० शब्द), चित्र, चित्राचा मालक, परवानगीची स्थिती, ध्वनी, स्पर्श केल्यावर काय होते, कुठून येतो, कुठे जातो. शेवटचे दोन रकाने भरताना फ्लोचार्ट आपोआप तपासला जातो. ‘कुठे जातो’ रिकामे राहिले की ती बंद गल्ली. आज अशा दोन सापडल्या.

खोली तीन पायऱ्यांपेक्षा जास्त नाही : मुखपडदा, विभाग, तपशील. कोणत्याही पडद्यावरून मुखपडदा एका स्पर्शात.

१७ जानेवारी

हक्क आणि परवानग्या. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे, २०१२ च्या दुरुस्तीपासून, छायाचित्राचे संरक्षण छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे. म्हणजे १९६१ मध्ये वर्तमानपत्रात छापलेला पुराचा फोटोही छापून ६० वर्षे झाली एवढ्यावरून मोकळा होत नाही. इथेच मोठी गफलत होते. त्याच पुराचा घरगुती अल्बममधला, कधीच न छापलेला फोटोही ‘जुना आहे म्हणून मोकळा’ ठरत नाही. मुदत फोटोच्या वयावरून ठरत नाही. अशा प्रत्येक फोटोसाठी कुटुंबाकडून लेखी परवानगी. त्यात चार बाबी हव्यातच : कोणत्या दालनात, किती काळ, फोटो कापता येईल का, पुस्तिकेत वापरता येईल का. चौथी विसरली तर उद्घाटनाच्या आठवड्यात पुन्हा सगळ्यांचे दरवाजे वाजवावे लागतात.

परवानगी नसलेले चित्र तात्पुरते म्हणूनही आराखड्यात लावायचे नाही. डोळ्याला सवय होते आणि शेवटी तेच राहून जाते. जागा धरायला राखाडी चौकट आणि त्यावर क्रमांक.

२४ जानेवारी

कागदी नमुना. पडदा ४३ इंची, १६:९. रुंदी ९५२ मिमी, उंची ५३५ मिमी. १९२० पिक्सेलमध्ये भागले तर एक पिक्सेल जवळजवळ अर्धा मिलिमीटर. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवला. लॅपटॉपवर छान दिसणारे बटण दालनात केवढे, याचे उत्तर एका भागाकारात मिळते. ठरलेले माप : बटण किमान ६४ पिक्सेल (३२ मिमी), दोन बटणांत १६ पिक्सेल (८ मिमी) मोकळे, मुख्य मजकूर ३२ पिक्सेल.

दोन कार्डशीट जोडून खऱ्या मापाचा पडदा केला, टेबलावर तिरका टेकवला आणि विभाग चिकट चिठ्ठ्यांवर लावले. पडद्याची खालची कड जमिनीपासून ७५० मिमी, कोन ६० अंश. म्हणजे वरची कड साधारण १२१३ मिमीवर. व्हीलचेअरवरून किंवा सात-आठ वर्षांच्या मुलाला तिथवर पोहोचणे कठीण. सगळी बटणे खालच्या दोन-तृतीयांश भागात ठेवली, म्हणजे सर्वात वरचे बटणही १०६० मिमीच्या आत. वरचा भाग फक्त पाहण्यासाठी.

कागदावर सापडलेले दोष : मुखपडद्यावरची चार सुंदर छायाचित्रे कुणालाच बटणे वाटली नाहीत. प्रत्येकाखाली क्रियापद असलेली पट्टी दिली : ‘नळ कसा वाहतो ते पाहा’, ‘हौद शोधा’. नुसत्या नामापेक्षा क्रियापद हाताला लवकर हलवते. भाषेचे बटण वरच्या कोपऱ्यात होते, ते खाली डावीकडे आणले. त्यावर झेंडा किंवा पृथ्वीगोल नाही, तिन्ही भाषांची नावे आपापल्या लिपीत. दोष शोधायला लागले ते कार्डशीट आणि दीड तास. हेच दोष बांधलेल्या ॲपमध्ये सापडले असते तर आठवडा गेला असता.

३ फेब्रुवारी

तांत्रिक निवड. पंखा नसलेला छोटा संगणक, ८ जीबी मेमरी, २५६ जीबी एसएसडी, लिनक्स, त्यावर क्रोमियम हा ब्राउझर किऑस्क पद्धतीने, म्हणजे पूर्ण पडदाभर आणि बाहेर पडता येणार नाही असा. ॲप म्हणजे स्थानिक वेबपान. गेम इंजिनचा विचार केला होता, पण इथे मजकूर जास्त आणि त्रिमिती नाही. देवनागरी जोडाक्षरांची मांडणी ब्राउझरमध्ये भरवशाची असते, तर बऱ्याच गेम इंजिनांत ती वेगळी जोडून घ्यावी लागते. निर्णय तिथेच झाला.

नियम : कोडमध्ये एकही वाक्य लिहायचे नाही. सगळा मजकूर भाषावार वेगळ्या फाइलमध्ये, पडद्याच्या क्रमांकाने. फाइलची नावे इंग्रजी लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता : विभाग, पडदा, प्रकार, भाषा, आवृत्ती. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ ही नावे बंद.

१२ फेब्रुवारी

मजकूर आत घेतला. दिवस पुरला नाही; दोन लागले. ही नोंद लांब आहे, कारण मराठी ॲपमधले निम्मे दोष इथे जन्मतात.

संग्रहालयाकडून आलेल्या फलकांच्या फाइली जुन्या, युनिकोडपूर्वीच्या आठ-बिट फाँटातल्या. रूपांतरकाने युनिकोड दिले, पण रफार मागे सरकला : ‘पूर्वी’चे ‘पूवीर्’, ‘खर्च’चे ‘खचर्’. यावर एक सोपा सापळा चालतो. हलंत ‘र्’ने संपणारा प्रत्येक शब्द शोधायचा, मराठीत असे शब्द जवळपास नसतातच. ऱ्हस्व वेलांटी असलेले शब्द मात्र माणसानेच वाचले.

पायमोडका र. ‘झऱ्याचे’, ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’ हे दोन प्रकारे टंकले जातात : यू+०९३१ (हा युनिकोडमधला क्रमांक) या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र्’नंतर न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. आणि टंकलेखकाने दोन्ही टाळले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, अर्थच बदलतो. सर्वत्र पहिला प्रकार ठेवला. ‘ॲ’चेही तसेच : यू+०९७२ हे एक अक्षर, की ‘अ’वर वेगळा चंद्र. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही, म्हणून बदल स्वतः करावा लागतो.

फाँट ॲपमध्येच बांधला. यंत्रावरच्या फाँटवर विसंबले तर संगणक बदलला की मांडणी बदलते. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली. त्यामुळे ज्या फाँटात सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. हिंदी पडद्यांवर हिंदी अशी नोंद. ही एक ओळ विसरली की वाचकाला नेमके सांगता येत नाही, पण पाटी परकी वाटते.

ओळीची उंची १.६ पट. इंग्रजीसाठीच्या १.२ वर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत शिरतात. चौकट घट्ट असेल तर ‘र्के’सारख्या अक्षराचा माथाच कापला जातो. अक्षरांमधले अंतर वाढवायचे नाही, शिरोरेषा तुटते. शीर्षक उठावदार हवे असेल तर जाडी वाढवा.

शीर्षक एकेक अक्षराने उमटण्याचा परिणाम रचनाकाराने मागितला होता. कोडबिंदूनुसार (युनिकोडच्या एकेका क्रमांकानुसार) तोडले तर ‘क्ष’ आधी ‘क’, मग ‘क्’, मग ‘क्ष’ असा उगवतो; वेलांटी अक्षराच्या आधी उडी मारते. युनिकोड १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला आहे, पण दालनातल्या ब्राउझरची आवृत्ती पाच वर्षे तीच राहणार. शब्दाशब्दाने उमटवायचे ठरले. दिसायलाही ते शांत आहे.

मोडी कागदांचे नमुने दोन. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये (आवृत्ती ७.०) आहे, तरी इथे मूळ कागदाचे चित्रच दाखवायचे आणि खाली बाळबोध लिप्यंतर. हाताच्या लेखणीची चाल फाँटात येत नाही, आणि इथे पाहण्यासारखी तीच आहे.

२१ फेब्रुवारी

हौदांचा नकाशा. जुन्या शहराच्या नकाशाचे स्कॅन १२,००० × ९,००० पिक्सेल. फाइल जेपेगमध्ये लहान दिसते, पण पडद्यावर आणताना ती उलगडते : प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४३२ एमबी. पहिल्याच झूमला यंत्र अडखळले.

उपाय नेहमीचा : चित्राचे तुकडे आणि स्तर. २५६ पिक्सेलचे तुकडे केले तर सगळ्या स्तरांचे मिळून २,२७६ फाइली होतात. ५१२ चे केले तर ५८४. स्थानिक डिस्कवर लहान फाइलींची संख्या वेगाला मारते, म्हणून ५१२. तुकड्यांच्या कडांवर केसाएवढी पांढरी रेघ येत होती. झूमचे गुणोत्तर अपूर्णांकात गेले की येते. तुकड्यांना एक पिक्सेल आच्छादन दिल्यावर गेली.

दोन बोटांनी झूम फक्त नकाशापुरते. ब्राउझरचे स्वतःचे झूम, लांब दाबल्यावर उघडणारा मेनू, कडेवरून ओढल्यावर मागचे पान : तिन्ही बंद केले. नकाशावर + आणि − बटणेही ठेवली, कारण दोन बोटांची सवय नसलेले लोक पुष्कळ आहेत.

काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आजही रस्त्यांच्या आणि चौकांच्या तोंडी आहेत. पाणी नसले तरी पत्ता हौदाचाच सांगितला जातो. म्हणून कार्डाची पहिली ओळ आजच्या खुणेने सुरू होते, इतिहास दुसऱ्या ओळीत.

५ मार्च

नळाचा उतार. पूर्ण कामातला हा सर्वात जिवंत भाग, म्हणून सर्वात जास्त वेळ इथे दिला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पाणी शहरात आणले गेले, तेही कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उतारावर. वाटेवर उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर पडायला ठेवलेली उंच तोंडे. हे वाक्य वाचून कळते, पण बोटाने उतार बदलून पाहिला तर पटते.

पडद्यावर नळाचा उभा छेद आणि एक सरकपट्टी. उतार फार कमी केला की प्रवाह मंदावतो आणि तळाशी गाळ बसू लागतो. फार वाढवला की वेगाने अस्तर घासले जाते. मध्ये एक पट्टा असा की पाणी हौदापर्यंत नीट पोहोचते. अभियंत्याने काय साधले ते मूल दहा सेकंदांत स्वतः शोधते. छेदात उंची खऱ्यापेक्षा खूप वाढवून दाखवली आहे, नाहीतर रेघ सपाट दिसते. तसे पडद्यावरच स्पष्ट लिहिले. हे न लिहिणे म्हणजे चुकीचे शिकवणे.

पाणी ४०० कणांनी दाखवले. १,५०० वर सुंदर दिसत होते, पण या यंत्रावर सेकंदाला ६० ऐवजी २२ चौकटी आल्या. ४०० कण आणि खाली निळा पट्टा. नजर पट्ट्यावर भरवसा ठेवते, कण फक्त गती सांगतात.

सरकपट्टीचा दोष : बोट पट्टीवरून थोडे खाली घसरले की पकड सुटायची. स्पर्श सुरू झाल्यावर बोट कुठेही जावो, ते उचलेपर्यंत ताबा पट्टीकडेच राहील असे केले.

‘नळाच्या आतून’ ही २४ सेकंदांची ॲनिमेशन-फिल्म बोटाने मागेपुढे ओढता येते. एन्कोडरच्या (व्हिडिओ आवळणाऱ्या प्रोग्रामच्या) मूळ मापात दर २५० चौकटींना एक पूर्ण चौकट असते, मधल्यांत फक्त बदल. सेकंदाला २५ चौकटींच्या गतीला ती १० सेकंदांनी एकदा येते. ओढताना ब्राउझरला तिथपासून सगळे पुन्हा उलगडावे लागते, म्हणून चित्र चिकटते. अंतर ५ चौकटींवर आणले. फाइल जवळजवळ तिप्पट झाली, पण चित्र बोटाबरोबर चालते. डिस्कवर जागा भरपूर आहे, हाताला वाट पाहायला लावण्यात अर्थ नाही.

१४ मार्च

ध्वनिमुद्रण, सदाशिव पेठेतल्या स्टुडिओत. चार निवेदने, प्रत्येकी सुमारे १३० शब्द. मिनिटाला ११० च्या लयीने ७० सेकंद. तीन भाषांत १२ फाइली.

मूळ मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो : मिनिटाला ८.६४ एमबी. दालनासाठी ९६ केबीपीएस, मिनिटाला ०.७२ एमबी, सगळे मिळून साधारण १० एमबी. सर्व फाइलींची पातळी −१६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप), नाहीतर भाषा बदलली की आवाज उडी मारतो.

संहितेत काही गोष्टी आधीच केल्या. साल आणि आकडे स्वतंत्र, छोट्या वाक्यात ठेवले. पुढे दुरुस्ती आली तर तेवढेच वाक्य बदलता येते. अंक अक्षरांत लिहून दिले : ‘सतराशे पन्नास’, नाहीतर वाचणारा मध्येच थांबतो. प्रत्येक भाषेच्या शेवटी ३० सेकंद खोलीची शांतता मुद्रित केली, जोडकामासाठी. मायक्रोफोनचे अंतर आणि कोन यांचा फोटो काढून ठेवला.

पानशेतचे निवेदन सर्वात शेवटी, वेगळ्या बैठकीत. १२ जुलै १९६१ चा तो दिवस पाहिलेली माणसे या शहरात आहेत आणि ती या पडद्यासमोर उभी राहणार आहेत. लोंढ्याचा आवाज नाही, संगीत नाही, थरकाप उडवणारी गती नाही. फक्त आवाज, स्थिर छायाचित्रे आणि नकाशा.

२९ मार्च

पाडव्याच्या आदल्या दिवशी अल्फा, म्हणजे पहिली चालती आवृत्ती. सगळी कार्ये चालतात, मजकूर ८० टक्के. उरलेल्या पाच कार्डांची चित्रे परवानगीअभावी अडकली आहेत. इथून पुढे नवे कार्य जोडायचे नाही.

८ एप्रिल

कॅबिनेट. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिमी प्लायवूड, वर सनमायका. सुताराला दिलेल्या चित्रात मागचे दार पूर्ण उघडणारे, तळाला वायरीसाठी ६० मिमीचे भोक, आणि पडदा पुढून काढता येईल अशी चौकट. पडदा बदलायला कॅबिनेट फोडावे लागणे ही नेहमीची चूक.

उष्णता : खोलीत ३७ अंश असताना बंद कॅबिनेटमध्ये ५४. संगणक स्वतःला वाचवायला गती कमी करतो, आणि तेव्हा पाणी अडखळू लागते. दोष कोडमध्ये शोधत बसण्याआधी थर्मामीटर आत ठेवावा. खाली एक १२० मिमी पंखा हवा आत घेणारा, जाळीसह. वर एक बाहेर टाकणारा. ४३ वर आले. जाळी महिन्यातून एकदा झटकायची. देखभालीच्या कागदावर तारखेसह लिहिले.

स्पर्श आपोआप होऊ लागला होता : कुणी हात न लावता पाने उलटत होती. काच कपॅसिटिव्ह (बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल टिपणारी) आहे, अर्थिंग कच्चे असले की ती भुतासारखी वागते. बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये ११ व्होल्ट निघाले. ३ च्या आत हवेत. वायरमनने अर्थिंग नीट केले आणि पडदा शांत झाला. सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षरही बदलले नाही.

१७ एप्रिल

आज गुरुवार, वीज कंपनीच्या देखभालीचा वार. वीज सकाळी गेली, ती चाचणी म्हणूनच वापरली.

यूपीएसचा उपयोग दालन चालू ठेवायला नाही, यंत्र सावकाश बंद करायला. वीज गेल्यावर ९० सेकंद वाट, मग बंद होण्याची आज्ञा. वीज आली की आपोआप सुरू व्हावे, यासाठी बायोसमधली (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) नोंद बदलावी लागते. ती मूळची बहुधा ‘बंदच राहा’ अशी असते. आज दोनदा वीज आली-गेली, दुसऱ्यांदा संगणक आज्ञेप्रमाणे बंद झाला, पण यूपीएस चालूच असल्यामुळे संगणकाला वीज गेल्याचे कळलेच नाही आणि तो बंदच राहिला. आता बंद करण्याच्या आज्ञेबरोबर यूपीएसलाही स्वतःचा पुरवठा तोडायला सांगितले. ही कडी बऱ्याच ठिकाणी सुटते, आणि मग सकाळी दार उघडणाऱ्या माणसाला काळा पडदा दिसतो.

डिस्कचा ॲप असलेला भाग फक्त वाचता येईल असा केला. मध्येच वीज तुटली तरी फाइल बिघडत नाही.

२ मे

खऱ्या वापराची चाचणी, सुट्टीतली मुले आणि काही ज्येष्ठ. मदत करायची नाही, फक्त पाहायचे आणि लिहायचे, हा नियम. तो पाळणे सर्वात अवघड.

मुले उत्तर येण्याआधी बटण चार-पाच वेळा दाबतात. प्रत्येक दाबाला नवे पान उघडू लागले, पाने एकावर एक साचली. पान बदलण्याच्या ४०० मिलिसेकंदांत बाकीचे स्पर्श टाकून द्यायचे, पण बटण दबल्याची खूण १०० मिलिसेकंदांच्या आत दिसलीच पाहिजे. ती दिसली की दुसरा दाब येतच नाही.

काचेवर टेकवलेला तळवा. एक मूल टेकून उभे राहते, दुसरे बटण दाबते, आणि काहीच होत नाही, कारण ॲप पहिल्या स्पर्शाची सुटण्याची वाट पाहत असते. प्रत्येक स्पर्श स्वतंत्र धरला. खालच्या ४० पिक्सेलच्या पट्ट्यात कोणतेही बटण ठेवले नाही, तळवे तिथे पडतात.

कुणी हात न लावता ७५ सेकंद गेले की ‘अजून पाहताय?’ अशी विचारणा, १० सेकंदांत उत्तर नाही तर मुखपडदा. आधी ४५ ठेवले होते. हौदाचे कार्ड सावकाश वाचणाऱ्या आजींसमोरून पान निघून गेले. वाचनाचा वेग सर्वात सावकाश वाचणाऱ्यावरून ठरवायचा.

निवेदन पहिल्यांदा वाजलेच नाही, कारण स्पर्शापूर्वी ध्वनी सुरू करायला ब्राउझर मज्जाव करतो. आता मूक चित्रमालिकेवर पडणारा पहिला स्पर्शच ध्वनीचे कुलूप उघडतो. आवाज खोलीभर नको म्हणून एका कानाला लावायचा हँडसेट. शिवाय प्रत्येक निवेदनाला खाली लिखित ओळी, ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि हँडसेट बिघडेल त्या दिवसासाठी.

१३ मे

७२ तासांची सलग चाचणी, यंत्राकडून कुठेही स्पर्श करवून. मेमरी ०.६ जीबीवरून ३.१ वर गेली. प्रत्येक निवेदनाला नवा ध्वनी-घटक तयार होत होता आणि जुना सुटत नव्हता. नकाशा बंद केल्यावरही त्याचे कान (स्पर्शाची वाट पाहणारा कोड) उघडे राहत होते. दोन्ही दुरुस्त करून पुन्हा ७२ तास : ०.७ वर स्थिर. रोज रात्री यंत्र पुन्हा सुरू करण्याची वेळही लावली, पण गळती लपवण्यासाठी तिचा वापर करायचा नाही. सहलीच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोन एवढ्यातच यंत्र आठवडाभराचे स्पर्श खाते.

ॲप दर ५ सेकंदांनी ‘जिवंत आहे’ अशी खूण देते. ३० सेकंद आली नाही तर पहारेकरी प्रोग्राम ब्राउझर पुन्हा उघडतो.

२६ मे

बीटा, म्हणजे तपासणीची जवळजवळ पूर्ण आवृत्ती. सगळा मजकूर जागेवर. ८१ पडद्यांची छापील प्रत काढून तज्ज्ञांकडे दिली. पडद्यावर निसटणारे कागदावर सापडते. २३ दुरुस्त्या आल्या. १९ मजकुराच्या, फाइलमध्ये तासाभरात झाल्या. त्रिमितीय शनिवारवाडाही परत आला. ६ जानेवारीचे पान दाखवले, विषय मिटला.

एक दुरुस्ती ध्वनीची. पानशेतच्या निवेदनात ‘दोन्ही धरणे फुटली’ असे होते. क्रम सांगायलाच हवा : आधी बांधकाम चालू असलेले पानशेत, मग त्या लोंढ्याने खडकवासला. वाक्य तिन्ही भाषांत पुन्हा मुद्रित केले. मायक्रोफोनचा फोटो आणि ३० सेकंदांची शांतता इथे कामी आली. मराठी आणि हिंदीत जोड ऐकू येत नाही. इंग्रजीत आवाज त्या दिवशी थोडा बसलेला होता, म्हणून पूर्ण परिच्छेदच पुन्हा घेतला.

मुद्रणाआधी संहितेवर तज्ज्ञांची सही घेतली होती, पण ती पडद्यांच्या मजकुरावर. निवेदन वेगळ्या फाइलमध्ये होते आणि त्यांच्याकडे गेलेच नव्हते. पुढच्या कामात मजकूर-तक्त्यात निवेदनाचा पूर्ण पाठ त्याच ओळीत, दुव्याने नव्हे.

९ जून

दालनात बसवले. सोपवलेल्या वस्तू : ॲपची पूर्ण प्रत दोन पेनड्राइव्हवर, डिस्कची प्रतिमा, मूळ ध्वनी आणि चित्रे, फाँटचा परवाना, परवानग्यांची फाइल, मजकूर-तक्ता, चाव्यांचे दोन संच. भिंतीला आतून चिकटवलेला एक कागद, मोठ्या अक्षरांत : सुरू कसे करायचे, बंद कसे करायचे, पडदा काळा असेल तर आधी कोणता दिवा पाहायचा, जाळी कधी झटकायची, काच कशी पुसायची (कापड ओले करून, काचेवर फवारा मारून नव्हे, पाणी कडेतून आत जाते).

कर्मचाऱ्यांपैकी दोघांकडून कागद पाहून यंत्र बंद-चालू करून घेतले. पहिल्याला तिसरी पायरी कळली नाही. ‘यूपीएस’ऐवजी ‘खालचा काळा डबा, हिरवे बटण’ असे लिहून कागद पुन्हा छापला.

हँडसेटची तार मुले ओढतात. स्टीलचे वेष्टण असलेली मागवली आहे, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शनिवारपर्यंत येईल. तोवर जुनीच, गाठ मारून.